शास्त्र-संग्रहालयाचा जीर्णोद्धार

पुण्याच्या घोले रस्त्यावरील ज्या संस्थेस आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणतात, तिचें पूर्वीचें नांव लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय असें होतें. लॉर्ड रे हे १८८५ पासून १८९० पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि त्यांच्या कारकीर्दीच्या अखेरीच्या सुमारास या संग्रहाची स्थापना झाली. आरंभीं त्याची मांडणी मंडईच्या, म्हणजे त्या काळच्या रे मार्केटच्या, इमारतींत होती. भाजीपाल्याच्या बाजारांतच ज्ञानाचेंहि दुकान मांडावें, हा योग आजच्या माणसास चमत्कारिक वाटेल. परंतु संग्रहालय येत्याजात्या माणसाच्या वाटेवर असावें, ही गोष्ट त्यामुळें सहज साधली होती.

ही संस्था कोणत्या चळवळींतून निघाली हें समजल्यावांचून तिच्या जीर्णोद्धाराचा विचार नीट करतां येत नाहीं. १८५१ सालीं लंडन येथें, कांचेच्या प्रचंड महालांत, सर्व राष्ट्रांचें औद्योगिक प्रदर्शन भरलें. त्यांत शिल्लक राहिलेल्या पैशांतून साउथ केन्सिंग्टन भागांत संग्रहालयें उभी राहिलीं. प्रदर्शन संपलें म्हणजे त्यांतील निवडक माल कायमचा मांडून ठेवावा, ही प्रथा पुढें अनेक देशांत पडली. पुण्यांतहि १८८८ सालीं असें प्रदर्शन भरलें, आणि त्यासाठीं महादेव बल्लाळ नामजोशी यांनीं मोठी खटपट केली. १८९० सालीं येथेंच औद्योगिक परिषद भरली व तींत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं देशाच्या उद्योगधंद्यांची मीमांसा केली. आपल्याकडे कच्चा माल कोणता आहे, कसबी हात कोणते आहेत, आणि त्यांना कोणत्या यंत्राची जोड मिळाली असतां दारिद्र्य हटेल, हा त्या पिढीपुढील प्रश्न होता. औद्योगिक संग्रहालय हें त्या प्रश्नाचें डोळ्यांनीं वाचावयाचें पुस्तक होय. ज्यास अक्षरओळख नाहीं अशा शेतकऱ्यास व कारागिरासहि तें वाचतां यावें, ही त्यांतील खरी सोय.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या दिवशीं तो संग्रह प्रथम मांडला गेला, त्या दिवशीं त्यांतील पुष्कळ वस्तु जुन्या नव्हत्या. इतिहासाच्या संग्रहालयांत तलवार जितकी जुनी तितकें तिचें मोल चढतें. शास्त्र आणि उद्योग यांच्या संग्रहालयाचें तसें नाहीं. तेथें वस्तु मांडली जाते ती आजचें ज्ञान दाखविण्यासाठीं, आणि आजचें ज्ञान उद्यां शिळें होतें. म्हणून असें संग्रहालय दोन प्रकारांनीं म्हातारें होतें. एक, वस्तूचें शरीर झिजतें. दुसरें, वस्तूचा अर्थ झिजतो. शरीर झिजलें कीं त्याची दुरुस्ती सुतार, गवंडी आणि वीजतंत्री करूं शकतात. अर्थ झिजला तर दुरुस्ती कोणी करावी, हा अवघड प्रश्न आहे. आणि बहुतेक जीर्णोद्धार फसतात ते या दोन दुखण्यांची गल्लत झाल्यामुळें.

उदाहरण म्हणून एखादा साधा दगड घ्यावा. पुण्याभोवतालचा काळा खडक, ज्यास काळवत्री म्हणतात, तो प्राचीन लाव्हारसाच्या थरांनीं बनलेला आहे. आणि त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट जातीचे सुंदर स्फटिक सांपडतात. वाघोलीच्या खाणींतील कॅव्हनसाइट नांवाचे निळे स्फटिक तर जगभरचे संग्राहक मोठ्या हौसेनें बाळगतात. अशा दगडाखालीं १८९० सालीं कोणी चिठ्ठी लिहिली असती, तर तींत तो लाव्हारसाचा आहे इतकें बरोबर लिहितां आलें असतें. पण त्याचें वय सांगतां आलें नसतें. त्या काळीं लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारखा थोर पदार्थविज्ञानशास्त्री पृथ्वीचेंच वय कांहीं कोटि वर्षें मानीत होता, आणि १८९७ सालीं तर त्यानें तें दोन ते चार कोटि वर्षांपर्यंत खालीं आणलें. १८९६ सालीं बेकरेल यानें किरणोत्सर्गाचा शोध लावला, आणि त्याच्या आधारें पुढें खडकांचें वय मोजण्याचें साधन हातीं आलें. आज पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटि वर्षें ठरलें आहे, आणि दख्खनचा लाव्हारस सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. भूखंडें सरकतात ही कल्पना वेगेनर यानें १९१२ सालीं मांडली. ती सर्वमान्य होण्यास १९६० नंतरचें दशक उजाडावें लागलें.

दगड तोच राहिला. चिठ्ठी तेवढी तीन वेळां बदलली. शास्त्र-संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराचें सारें मर्म या एका दगडांत आहे. वस्तु राखावी, चिठ्ठी नवी लिहावी, आणि जुनी चिठ्ठीहि फेकूं नये. जुनी आणि नवी अशा दोन्ही चिठ्ठ्या शेजारींशेजारीं लावल्या, तर पाहणाऱ्या मुलास दगडाबरोबर आणखी एक गोष्ट शिकावयास मिळते: शास्त्र म्हणजे पाठ करावयाचे सिद्धान्त नव्हेत, चुकत व सुधारत जाणारी ती एक विचारपद्धति आहे. हा धडा कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत इतक्या थोड्या जागेंत बसत नाहीं.

जुनी वस्तु राखण्याचें दुसरेंहि कारण आहे. पुढील पिढी त्या वस्तूस कोणता प्रश्न विचारील हें आज कोणासच ठाऊक नसतें. ऑक्सफर्ड येथील संग्रहांत डोडो नांवाच्या नामशेष पक्ष्याचा एक नमुना होता. तो कुजला म्हणून १७५५ च्या सुमारास काढून टाकण्यांत आला. डोकें व एक पाय एवढेच अवशेष मागें राहिले. त्यानंतर सुमारें अडीचशें वर्षांनीं, २००२ सालीं, त्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्य तपासून शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं डोडो हा कबुतरांच्या कुळांतील असून त्याचा सर्वांत जवळचा आप्त आपल्या निकोबार बेटांवर आढळणारें कबुतर होय. दुसरें उदाहरण अंड्यांचें. इंग्लंडांतील डेरेक रॅटक्लिफ यानें १९६७ सालीं जुन्या संग्रहांतील बहिरी ससाण्याचीं अंडीं आणि नवीं अंडीं ताडून पाहिलीं, तेव्हां दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अंड्यांचीं कवचें पातळ झाल्याचें दिसून आलें. डी.डी.टी.सारख्या कीटकनाशकांचा दोष उघडकीस येण्यास या मापांची मोठी मदत झाली. ज्या हौशी माणसांनीं तीं अंडीं गोळा केलीं, त्यांनीं कीटकनाशकाचें नांवहि ऐकलेलें नव्हतें. परंतु त्यांनीं प्रत्येक अंड्याबरोबर ठिकाण व तारीख लिहून ठेविली होती. ती नोंद नसती तर ढीगभर कवचें असूनहि पुरावा कांहींच राहिला नसता.

म्हणून जीर्णोद्धाराचें पहिलें काम रंग देण्याचें नसून मोजदाद करण्याचें आहे. दाखल-नोंदवही उघडावी, प्रत्येक वस्तु तिच्याशीं ताडावी, छायाचित्र घ्यावें, क्रमांक घालावा, आणि चिठ्ठीवरील अक्षर पुसट होण्यापूर्वीं त्याची नक्कल करून ठेवावी. कपाटें हलविण्याच्या घाईंत एका वस्तूची चिठ्ठी दुसरीस लागली, तर दोन्ही वस्तु त्याच दिवशीं मुक्या होतात. ही हानि कोणास दिसत नाहीं, तिचा आवाज होत नाहीं, आणि ती पुढें कधींहि भरून निघत नाहीं.

दुसरें काम छपराचें व विजेच्या तारांचें. दिल्लीचें राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय १९७८ सालीं उघडलें आणि २६ एप्रिल १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २६ एप्रिल २०१६ रोजीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. ब्राझिल देशांतील रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालयानें २०१८ सालीं आपला द्विशताब्दि-उत्सव केला, आणि त्याच वर्षीं २ सप्टेंबरच्या रात्रीं त्याच्या सुमारें दोन कोटि वस्तूंपैकीं बहुतेक जळून गेल्या. एका वातानुकूलन यंत्राच्या सदोष जोडणींत त्या आगीचें मूळ होतें, असें पोलिसांच्या चौकशींत निष्पन्न झालें. जुन्या इमारतींत जुन्या तारांवर नव्या यंत्रांचा भार चढवीत जाणें किती घातक आहे, याचा याहून मोठा दाखला नको.

तिसरें काम हवा आणि उजेड यांचें. पुण्यांत एप्रिल-मे महिन्यांतील दुपारीं हवेंतील आर्द्रता शेंकडा ३० च्याहि खालीं उतरते, तर जुलै-ऑगस्टांत ती ८० च्या वर जाते. कपाटाचें लांकूड उन्हाळ्यांत आकसतें व पावसाळ्यांत फुगतें. त्या फटींतून कसर शिरते, बुरशी धरते, लोखंड गंजतें. आर्द्रता अमुकच असावी या हट्टापेक्षां ती एकाएकीं चढूं-उतरूं नये, हें पाहणें अधिक महत्त्वाचें. उजेडाचेंहि तसेंच. उघड्यावरच्या भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारें एक लक्ष लक्स असते. कापड, कागद, पिसें यांना मात्र ५० लक्सहून अधिक उजेड सोसत नाहीं. खिडकींतून तिरपें ऊन पडणाऱ्या कपाटांतील पक्ष्याचे रंग कांहीं वर्षांत उडतात, आणि मग मुलांना वाटतें कीं तो पक्षी मुळांतच मातकट होता. पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या बाबतींत आणखी एक धोका आहे. किडीपासून बचाव व्हावा म्हणून पूर्वींचे कारागीर कातड्यास सोमलमिश्रित साबण चोळीत. तें विष शंभर वर्षांनींहि तसेंच राहतें. असे नमुने हाताळतांना हातमोजे व नाकावर पट्टी हवीच, आणि मुलांचा हात त्यांना लागूं देऊं नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें वाघासारखा प्राणी पेंढा भरण्यासाठीं नव्यानें मिळविण्याचा मार्गच उरलेला नाहीं. असलेला नमुना गेला कीं गेला.

एवढें झाल्यावर मांडणीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रांत या बाबतींत दोन निरनिराळे कित्ते डोळ्यांपुढें आहेत, आणि दोन्ही मुंबईंत आहेत. पहिला भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा. ही वास्तु १८७२ सालीं लोकांस खुली झाली आणि १९७५ सालीं तिला डॉ. भाऊ दाजींचें नांव मिळालें. २००३ सालीं महानगरपालिका, इन्टॅक ही संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यांत करार होऊन तिच्या जीर्णोद्धारास हात घालण्यांत आला. लांकडी कपाटें, लोखंडी खांब, छताचें नक्षीकाम हें सर्व मूळच्या रूपांत आणण्यांत आलें. २००५ सालीं युनेस्कोचें पारितोषिक मिळालें, आणि २००८ सालीं दारें पुन्हां उघडलीं. परंतु पुढें पंधरा-वीस वर्षांच्या आंतच तीच वास्तु दुरुस्तीसाठीं पुन्हां बंद ठेवावी लागली. यांत कोणाचा दोष काढण्याचें कारण नाहीं. जीर्णोद्धार हा एकदां करून मोकळें व्हावें असा समारंभ नसून, वर्षानुवर्षें चालणारी शुश्रूषा आहे, एवढाच बोध त्यांतून घ्यावयाचा.

दुसरा कित्ता वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचा. तेथें १९७७ सालीं प्रकाश व दृष्टि या विषयाचें दालन, १९७९ सालीं उघड्या मैदानांतील विज्ञान-उद्यान, आणि १९८५ सालीं मुख्य इमारत अशी क्रमाक्रमानें वाढ झाली. तेथील भर जुन्या वस्तूंपेक्षां हातानें करून पाहण्याच्या प्रयोगांवर आहे. मुलानें दोरी ओढावी, चाक फिरवावें, आणि नियम आपण होऊन शोधावा, ही त्यांतील दृष्टि. पुण्याच्या परिसरांत आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेनें आणि २०१३ सालीं सुरू झालेल्या चिंचवडच्या विज्ञान-उद्यानानें हाच मार्ग धरिला आहे. मुक्तांगणांत अरविंद गुप्ता यांनीं आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ जिनसांतून शास्त्राचीं खेळणीं बनवून दाखविलीं. शास्त्र शिकण्यास थोर खर्च लागतोच असें नाहीं, हें त्या खेळण्यांनीं सिद्ध केलें.

मग जुन्या औद्योगिक संग्रहालयानें कोणता कित्ता गिरवावा? केवळ पहिला घेतला तर सुंदर पण निःशब्द दालनें मिळतील. केवळ दुसरा घेतला तर शंभर वर्षांचा ठेवा अडगळींत जाईल, आणि जें वरळीस व चिंचवडास आहे त्याचीच एक लहान प्रत पुण्यांत होईल. म्यूनिक येथील जर्मन संग्रहालयानें या दोन्हींचा मेळ घातला. ऑस्कर फॉन मिलर या विद्युत्-अभियंत्यानें तें १९०३ सालीं स्थापिलें, आणि नदीच्या बेटावरील त्याची इमारत १९२५ सालीं उघडली. तेथें मूळ यंत्रें जपून ठेविलेलीं असत, आणि त्यांच्या शेजारीं बटण दाबतांच चालणाऱ्या प्रतिकृति असत. त्याच संग्रहालयाचें अलीकडे नूतनीकरण होत असून पहिला भाग २०२२ सालीं खुला झाला. उरलेला २०२८ पर्यंत पुरा करण्याचा संकल्प आहे. एवढ्या संपन्न राष्ट्रालाहि हें काम अर्धें अर्धें करून, अनेक वर्षें घेऊन करावें लागतें, ही गोष्ट उतावळ्या योजकांनीं लक्षांत ठेवावी.

हा मेळ आपल्याकडे कसा घालतां येईल, याचें एक घरगुती उदाहरण पाहावें. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें मेट्रिक वजनेंमापें येण्यापूर्वीं आपल्याकडे धान्य मापानें मोजीत. प्रांतोप्रांतीं मापें थोडीं भिन्न असत. परंतु प्रचलित कोष्टक असें होतें: दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, आणि दोन अधोल्यांची एक पायली. हीं सात मापें कपाटांत ओळीनें ठेवून खालीं 'जुनीं धान्यमापें' एवढेंच लिहिलें, तर मूल क्षणभर पाहून पुढें जाईल. पण मूळ मापें कपाटांत ठेवून, बाहेर मेजावर त्यांच्या प्रतिकृति आणि धान्याची परात ठेवली, आणि चिठ्ठीवर प्रश्न लिहिला कीं, प्रत्येक माप फार तर एकदांच वापरून ७३ निळवीं धान्य मोजून दाखवा, तर काय होईल? मूल खटपट करील आणि त्यास उत्तर सांपडेल: एक पायली, एक मापटें व एक निळवें, म्हणजे ६४, ८ आणि १. मग त्यास कळेल कीं या सात मापांनीं १ पासून १२७ पर्यंत कोणतीहि संख्या मोजतां येते, आणि प्रत्येक संख्येची रीत एकच असते. माप घेतलें किंवा न घेतलें, या दोनच खुणांनीं संख्या लिहावयाची हीच संगणकाचीहि रीत आहे. आजीच्या कोठारांतील मापटें आणि नातवाच्या हातांतील संगणक यांचें गणित एकच निघावें, याहून अधिक नवलाचें दालन कोणतें असूं शकेल?

या मेजास वीज लागत नाहीं, आणि प्रतिकृति मोडली तर तांबट दुसरी करून देतो. आधुनिकीकरण म्हटलें कीं भिंतीभिंतीवर बोलके पडदे व टचस्क्रीन लावण्याचा मोह होतो. जे रोग-जंतु, ग्रह-तारे किंवा पृथ्वीच्या पोटांतील हालचाली डोळ्यांस दिसत नाहींत, त्यांच्यासाठीं अशा पडद्यांचा उपयोग निःसंशय आहे. परंतु तें यंत्र कांहीं वर्षांतच जुनें होतें, त्याचे भाग मिळेनासे होतात, आणि मग काळा पडलेला पडदा व त्यावर 'बंद आहे' ही पाटी एवढेंच दर्शन घडतें. सॅन फ्रान्सिस्को येथें फ्रँक ओपनहायमर यानें १९६९ सालीं एक्सप्लोरेटोरियम नांवाचें जें केंद्र काढलें, त्यांत प्रयोगांची दुरुस्ती करणारा कारखाना त्यानें मुद्दाम प्रेक्षकांस दिसेल असा ठेविला. मोडणें आणि दुरुस्त करणें हाहि शास्त्राचाच भाग आहे, हें त्यांतून मुलांस कळतें. जी संस्था नव्या दालनासाठीं पैसा काढते, तिनें त्याच वेळीं एका कुशल मिस्त्रीच्या पगाराची व सुट्या भागांची तरतूद केली पाहिजे. ती नसेल तर दालन थोडें लहान करावें, पण मिस्त्री ठेवावा.

चिठ्ठीच्या भाषेविषयींहि दोन शब्द आवश्यक आहेत. ती प्रथम मराठींत हवी, आणि त्या मराठींत शेतकऱ्याच्या व कारागिराच्या तोंडचे शब्द हवेत. पाभर, कोळपें, मोट, सुळकी, रंधा, भाता या वस्तूंचीं नांवें ज्यांच्या हातांत तीं हत्यारें होतीं त्यांच्याकडून लिहून घेण्याची वेळ फार थोडी उरली आहे. माणूस गेला कीं शब्द जातो. मग वस्तु असून तिला हाक मारतां येत नाहीं. पुण्यांतील सुशिक्षित कुटुंबांना या कामांत भाग घेतां येईल. घरांतील पितळी मापें, आजोबांची गणनपट्टी, जुना कंदील किंवा वजनकांटा देणगी म्हणून देतांना त्याबरोबर एक कागद द्यावा: ही वस्तु कोठें, कोणत्या सालीं, कोणत्या कामासाठीं वापरली जात होती. संग्रहाच्या दृष्टीनें कित्येकदां वस्तूपेक्षां तो कागद अधिक मोलाचा ठरतो.

शेवटीं नांवाकडे वळावें. पुण्याची मंडई बांधण्याचें घाटत असतां नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा फुले यांनीं त्या खर्चास विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. काळाचा न्याय असा कीं, लॉर्ड रे यांचें नांव ज्या दोन वास्तूंस होतें, त्या मंडईला आणि संग्रहालयाला, दोहोंनाहि पुढें जोतीरावांचें नांव मिळालें. हें नांव पाटीवर लावणें सोपें आहे. पेलणें कठीण आहे. जीर्णोद्धाराच्या प्रत्येक खर्चास तोच जुना प्रश्न विचारावा लागेल: यांतून कोणास काय शिकावयास मिळेल? संगमरवरी फरशीस, रंगीत कारंज्यास आणि महागड्या पडद्यास हा प्रश्न विचारून पाहावा, आणि धान्याच्या परातीशेजारीं ठेविलेल्या सात मापांसहि विचारून पाहावा. ज्या वस्तूकडून उत्तर येईल, तिच्यासाठीं पैसा आधीं खर्च करावा.